६०×६० चा ग्रो टेंट, आत लेट्यूस-बेसिल-मिरची: किटमधलं काय ठेवू, काय काढू?

कदमवाडी_तिसरा_मजला

राम राम मंडळी. मागची १०×१० फुटांची खोली मोकळी आहे. खिडकी एकच, तीही उत्तरेला, त्यामुळे ऊन अजिबात नाही. तिथं छोटा ग्रो टेंट उभा करून लेट्यूस, इटालियन बेसिल आणि दोन लवंगी मिरच्या लावायच्या आहेत. ऑनलाइन एक तयार किट बघून ठेवलंय: टेंट ६०×६०×१४० सेंमी, '१००० वॉट'चा जांभळा एलईडी, ४ इंची इनलाइन फॅन (आतली हवा डक्टमधून बाहेर ओढणारा एक्झॉस्ट), कार्बन फिल्टर, डक्ट, मेकॅनिकल टायमर, ४ कापडी कुंड्या आणि एक हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता दाखवणारा). बजेट २० हजार. किट घ्यावं की सुटं सामान? लाइट पुरेल का? आणि पावसाळ्यात आपल्या कोल्हापुरात भिंतीसुद्धा घाम गाळतात, तेव्हा आतल्या झाडांचं काय होतं?

उद्यमनगरी_वायरिंग

किट नको. टेंट आणि फॅन सुटे घ्या, लाइट तर वेगळाच घ्या.

'१००० वॉट' हा आकडा कागदावरचा. असले जांभळे दिवे प्रत्यक्षात बऱ्याचदा १००-१२० वॉटच ओढतात. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर मिळतो, तो लावला की खरं काय ते कळतं. जांभळ्या उजेडाचा दुसरा त्रास असा की पान पिवळं पडलंय की नाही, ते डोळ्यांना दिसतच नाही. ३५०० ते ४००० केल्व्हिनचा पांढरा एलईडी बोर्ड घ्या. ड्रायव्हरवर (दिव्याला वीज पुरवणारा डबा) छापलेले वॉट वाचा आणि डिमर असलेलाच घ्या.

किती वॉट लागतात त्याचा हिशोब. लेट्यूसला दिवसाला चौरस मीटरमागे साधारण १४ ते १७ मोल प्रकाश लागतो (मोल म्हणजे प्रकाशकण मोजायचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). १६ तास लाइट धरला तर पानांवर सेकंदाला चौरस मीटरमागे सुमारे २५० मायक्रोमोल पडले पाहिजेत: २५० × ३६०० × १६ म्हणजे १४.४ मोल. तुमच्या टेंटचा तळ ०.३६ चौरस मीटर, म्हणजे सगळा मिळून सेकंदाला ९० मायक्रोमोल. बरा बोर्ड वॉटमागे २.५ मायक्रोमोल देतो, त्यातला पाव भाग भिंतीत आणि इकडंतिकडं जातो. उत्तर येतं ४८ वॉट. मिरचीला ४०० मायक्रोमोल धरले तर ७७ वॉट. तेव्हा खरे १०० वॉट ओढणारा एकच बोर्ड घ्या आणि लेट्यूससाठी डिमर ५०-६० टक्क्यांवर ठेवा. पूर्ण जोरात चालवून दिवा वर टांगण्यापेक्षा हे बरं, कारण उष्णता कमी होते.

मोजायला फोनचं लक्स ॲप चालेल, पण फक्त तुलनेसाठी. पांढऱ्या एलईडीला लक्सला साधारण ६५-७० नं भागा, की मायक्रोमोल येतात. म्हणजे २५० साठी पानांच्या उंचीवर १६-१७ हजार लक्स हवेत. चारही कोपरे मोजा. मधे १७ हजार आणि कोपऱ्यात ८ हजार निघाले तर कोपऱ्यातली झाडं लांबट होणार. दिवा थोडा वर घ्या आणि डिमर वाढवा.

टायमर मेकॅनिकल नको. लाइट गेली की तो तिथंच थांबतो, आली की पुढं चालू लागतो. आठवड्यात तीन वेळा तास-तास लाइट गेली की तुमचं वेळापत्रक तीन तास सरकलं. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. त्या ओळीला ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) हवाच. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नाही, भिंतीला ठोका. बोर्डात जाणारी प्रत्येक वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी वायरीवरून उतरलं तरी झोलातूनच टपकेल.

बिल: लाइट १०० वॉट १६ तास म्हणजे १.६ युनिट, दोन्ही पंखे मिळून रोज एक युनिट. महिन्याला ७५-८० युनिट. घरचा वापर धरून १०० युनिटच्या वर गेलात तर पुढचा स्लॅब लागतो, ते आधी जुन्या बिलावर बघून घ्या.

हवापाणी_कळंबा

वरचं सगळं बरोबर. पण कोल्हापुरात टेंट बिघडतो तो हवेनं. टेंट म्हणजे कपाट. आत हवा येणार ती खोलीतलीच. फॅन कितीही मोठा लावा, खोलीपेक्षा गार किंवा कोरडी हवा तो कुठून आणणार?

आधी फॅन. टेंटचं घनफळ अर्धा घनमीटर. मिनिटाला एकदा हवा बदलायची तर तासाला ३० घनमीटर पुरे. ४ इंची फॅन तासाला दीडशेच्या पुढं फेकतो, म्हणजे तो कायम सर्वांत कमी वेगावरच चालणार. म्हणून वेग कमी-जास्त करायला स्वतःचा कंट्रोलर असलेला, ईसी मोटरचा (इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं वेग सांभाळणारी) फॅन घ्या. साध्या फॅनला छताच्या पंख्याचा रेग्युलेटर लावला तर मोटर गुणगुणते आणि तापते. फॅन वर, आत दोरीवर टांगा. दांडीला थेट आवळला तर सगळा सांगाडा थरथरतो. डक्ट आखूड ठेवा, काटकोनी वळणं टाळा. खालच्या दोन्ही जाळ्या उघड्या ठेवा. कापड किंचित आत ओढलेलं दिसलं की बरोबर. पार आत चिकटलं तर हवा यायला वाट कमी आहे.

कार्बन फिल्टर काढून टाका. ही किटं परदेशात गांजा लावणाऱ्यांसाठी जुळवलेली असतात. तिथं वास अडवायला फिल्टर, फुलोऱ्यासाठी १२ तास उजेड-१२ तास अंधाराचा नियम आणि तसलेच भरमसाट वॉट. आपल्याकडं एनडीपीएस कायदा, १९८५ प्रमाणे ते पीक घेणं गुन्हा आहे, आणि लेट्यूसला तर वासच नाही. फिल्टर लावला तर फॅनचा जोर नुसता वाया जातो. तसल्या व्हिडिओतलं १२-१२ चं वेळापत्रकही आपल्या उपयोगाचं नाही. मिरचीला फुलायला दिवस लहान-मोठा असला तरी फरक पडत नाही.

आता हंगामाप्रमाणं काय करायचं ते.

एप्रिल-मेमध्ये डक्ट खिडकीबाहेर काढा आणि लाइट रात्री चालवा, समजा संध्याकाळी ६ ते सकाळी १०. दुपारी ३७-३८ डिग्रीला वर दिव्याची उष्णता कशाला चढवायची? २८ च्या वर लेट्यूस फुलाचा दांडा काढतं आणि कडू होतं. बेसिल-मिरचीला ते चालतं.

जून ते सप्टेंबर उलटं. बाहेर आर्द्रता ९० टक्के. तेव्हा डक्ट बाहेर काढलात तर फॅन जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच दमट हवा दाराच्या फटीतून आत येते, आणि तुम्ही डीह्युमिडिफायर लावला असला तरी तो अख्ख्या कदमवाडीची हवा वाळवत बसतो. पावसाळ्यात डक्ट खोलीतच सोडा, दार-खिडकी बंद, फॅन कमी वेगावर, आणि डीह्युमिडिफायर टेंटमध्ये नव्हे, खोलीत. छोटा पेल्टियरवाला (कॉम्प्रेसर नसलेला) घेऊ नका, दिवसाला जेमतेम कपभर-दोन कप पाणी काढतो. दिवसाला १०-१२ लिटरवाला कॉम्प्रेसरचाच लागतो.

लाइट चालू असताना तसं बरं चालतं. २५ डिग्रीची ९० टक्के दमट हवा २९ पर्यंत तापली की तिची आर्द्रता ७१ टक्क्यांवर येते. झाडं त्यात आपली वाफ घालतात, तरी निभतं. घोटाळा होतो लाइट बंद झाल्यावर: टेंट गार होतो, पानांवर दव बसतं आणि बेसिलवर करडी बुरशी. म्हणून एक्झॉस्ट फॅन लाइटच्या टायमरला जोडू नका, तो २४ तास चालू हवा. पाणी लाइट लागल्यावर द्या, बंद व्हायच्या आधी नको.

आणि किटमधला हायग्रोमीटर तपासल्याशिवाय त्यावर भरवसा नको. झाकणाच्या डब्यात चमचाभर मीठ, त्यात थोडे थेंब पाणी घालून चिखलासारखं करा, शेजारी हायग्रोमीटर ठेवून झाकण घट्ट लावा. ८-१० तासांनी ७५ टक्के दाखवायला पाहिजे. ८२ दाखवत असेल तर यापुढं ७ वजा करून वाचा.

कदमवाडी_तिसरा_मजला

धन्यवाद दोघांनाही. पण डीह्युमिडिफायर धरला तर बजेट गेलंच की वो. तो न घेता पहिला पावसाळा निघेल का? आणि आत छोटा क्लिप फॅन लागतो असं वाचलं, एक्झॉस्ट असताना तो कशाला? कुंड्यांत कोकोपीट भरणार आहे, खतासाठी १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश) चालेल ना?

हवापाणी_कळंबा

निघेल, पण पीक कमी ठेवा. ९ लेट्यूस २० सेंमी अंतरावर बसतात. पावसाळ्यात ५-६ च लावा, बेसिलची खालची पानं काढून बुडखा मोकळा ठेवा. किंवा सप्टेंबर सरल्यावर सुरू करा, डीह्युमिडिफायरचे पैसे तोवर जमतील. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे: जूनमध्ये नवं काही सुरू करूच नये.

क्लिप फॅन हवाच. बेसिल-लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोकं करपतात, ती बहुतेक वेळा कॅल्शियमच्या तुटवड्यानं. आणि पाण्यात कॅल्शियम असूनही तुटवडा पडतो, कारण ते पानातून वाफ जाईल तेवढंच वर चढतं. मधल्या गाभ्यात हवा साचली की वाफ थांबते. एक्झॉस्ट वरून हवा ओढतो, गाभ्यापर्यंत पोचत नाही. ६ इंची पंखा, पानं जेमतेम हलतील एवढा वेग, आणि तो झाडावर एकाच जागी रोखायचा नाही.

शिरोळ_पॉलीहाऊस

भावा, १९:१९:१९ कोकोपीटमध्ये नको. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीत जिवाणू तो फोडतात. धुतलेल्या ताज्या कोकोपीटमध्ये ते काम मंद चालतं. वर युरिया ईसी मीटरला (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा) दिसत नाही, म्हणजे मीटर सांगतंय खत कमी आणि तू आणखी ओततोयस.

कृषी सेवा केंद्रात ठिबकची विद्राव्य खतं मिळतात तीच घे. लेट्यूस-बेसिलला १० लिटर पाण्यात: कॅल्शियम नायट्रेट ६ ग्रॅम, १३:०:४५ चार ग्रॅम, ०:५२:३४ दीड ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम, वर चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्य पाकिटावर लिहिलं असेल तेवढं. आरओच्या पाण्यात ईसी दीड mS/cm च्या आसपास येते. रोप लहान असताना याच्या निम्मं. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागतोच, चमच्यानं होत नाही.

दाट द्रावण करून बाटलीत भरून ठेवायचं असेल तर कॅल्शियम नायट्रेटची बाटली वेगळी. सल्फेट किंवा ०:५२:३४ बरोबर एका बाटलीत घातलंस तर तळाला पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे झाडाच्या तोंडचा कॅल्शियम गेला. पातळ द्रावणातही एक पूर्ण विरघळल्यावरच दुसरं टाक.

पाणी आधी मोज. नळाचं नदीचं पाणी सहसा चालतं. अपार्टमेंटचं बोअर असेल तर ईसी आणि पीएच दोन्ही बघ. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असलं की सकाळी ६ वर आणलेला पीएच संध्याकाळी ७ वर जातो. ५.८ ते ६.२ मध्ये ठेव. ६.५ च्या वर साधं ईडीटीए लोह नीट टिकत नाही, कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं दिसतं. लोक मग आणखी खत घालतात. पीएच कमी करायला फॉस्फोरिक ॲसिड, तेही पाण्यात थेंब-थेंब, हातमोजे घालून. पीएच पेन कोरडं किंवा आरओच्या पाण्यात ठेवायचं नाही, त्याच्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणातच ठेवायचं. दर १५ दिवसांनी ४ आणि ७ च्या बफरनं तपास.

कोकोपीट 'धुतलेलं' लिहिलं असलं तरी धू. निथळणाऱ्या पाण्याची ईसी ०.५ च्या खाली येईपर्यंत. मग किलोमागं २० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात घालून रात्रभर भिजव आणि पुन्हा धू. हे चुकवलं तर कोकोपीट पहिले तीन आठवडे तुझंच कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि पोटॅश-सोडियम सोडतं.

उद्यमनगरी_वायरिंग

एक राहिलं. कुंड्या थेट ट्रेमध्ये नको. ट्रेमध्ये जाळी किंवा विटेचे तुकडे टाकून दोन इंच वर घ्या. निथळलेलं पाणी परत मुळांना लागलं तर मीठ साचतं, आणि साचलेल्या पाण्यावर चिलटं येतात. पिवळे चिकट सापळे दोन, कुंडीच्या उंचीला.

शिरोळ_पॉलीहाऊस

आणि लवंगी मिरची या टेंटमध्ये कशाला? उंचीचा हिशोब बघ: १४० मधून दिवा आणि दोर १५, दिवा ते शेंडा ३५, कुंडी-ट्रे ३०. उरले ६० सेंमी. लेट्यूसला पुष्कळ, मिरची दोन महिन्यांत दिव्याला टेकणार. शिवाय मिरचीला ईसी २ च्या पुढं आणि उजेड दीडपट. एकाच पाण्यावर-लाइटवर दोन्ही नीट होत नाहीत. बंद जागेत कोळी आणि फुलकिडे शिरले की बोकड्या. पानं वळली की आठवडाभरात सगळ्या झाडांवर, आणि शेजारच्या लेट्यूसवर औषधही मारता येत नाही, कारण ते कच्चं खायचं.

मिरचीचं रोप टेंटमध्ये चार-पाच आठवडे वाढव, मग १२ लिटरच्या ग्रोबॅगेत गच्चीवर. एकदम उन्हात नको, आठवडाभर सकाळचं दोन-दोन तास वाढवत ने.

कदमवाडी_तिसरा_मजला

पटलं. म्हणजे टेंट, १०० वॉटचा पांढरा डिमरवाला बोर्ड, ईसी फॅन, क्लिप फॅन, डिजिटल टायमर, आरसीसीबी, पीएच-ईसी मीटर, काटा. कार्बन फिल्टर आणि जांभळा दिवा बाद. सुरुवात ऑक्टोबरात. टेंट १४० चाच घेऊ की १६० चा?

हवापाणी_कळंबा

१६० चा. दिवा ते पान अंतराला खेळ मिळतो, फॅन वर टांगून डोकं आपटत नाही. घेताना दुकानात चेन दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा ओढून बघा आणि आत शिरून चेन लावून मोबाइल बंद करा: शिवणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर लेट्यूसला काही होत नाही, पण कापड पातळ आहे एवढं कळतं.

उद्यमनगरी_वायरिंग

आत शिरायला ६० सेंमीत बसता आलं पाहिजे, पांढरा रस्सा बेताचा ओता.