'कर्ता' म्हणजे नेमका काय करणारा?

नौपाडेकर
ठाण्यात आम्ही सातआठ जणी महिन्यातून एकदा बसून काहीतरी वाचतो. यावेळी सुझन मोलर ओकिन या अभ्यासक बाईंचं न्याय आणि कुटुंब यांवरचं १९८९ सालचं पुस्तक घेतलंय. काहीजणींना इंग्रजी जड जातं, म्हणून मी प्रत्येक प्रकरणाचा मराठी गोषवारा करून नेते. त्यात एका शब्दावर तीन दिवस अडून बसलेय.

ओकिनबाईंचा वाद जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाशी आहे. रॉल्सनी १९७१ मध्ये मांडलं ते थोडक्यात असं. समाजाचे नियम ठरवायला माणसं बसलीत, पण मध्ये अज्ञानाचा पडदा आहे. आपण श्रीमंत की गरीब, हुशार की बेताचे, हे कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे आपल्यापुरती सोय कुणी बघणार नाही आणि नियम न्याय्य होतील. मग प्रश्न येतो, पुढच्या पिढ्यांची काळजी या मंडळींनी का करावी? त्यावर रॉल्स म्हणतात, ही माणसं आपापल्या घराची प्रमुख आहेत असं धरू, म्हणजे पोराबाळांचा विचार आपोआप होईल.

ओकिनबाई नेमकं इथेच बोट ठेवतात. घरटी एक प्रमुख येऊन बसला, तर घराच्या आत कुणाला काय मिळतं हा प्रश्न त्या बैठकीत काढणार कोण? शिवाय काय काय ठाऊक नसतं याच्या मूळ यादीत 'आपण बाई की पुरुष' हे नव्हतंच.

आता माझी अडचण. या 'घराच्या प्रमुखा'ला मराठीत काय म्हणू? 'कुटुंबप्रमुख' लिहिलं तर रेशनकार्ड आठवतं. 'घरातला कर्ता पुरुष' लिहिलं तर बरोबर तो माणूस डोळ्यांसमोर येतो. पण अशाच पुस्तकांत बाईच्या स्वतः ठरवण्याच्या, करण्याच्या ताकदीबद्दल जे येतं (इंग्रजीत 'एजन्सी'), त्याला आपल्याकडचे अभ्यासक 'कर्तेपण' म्हणतात. म्हणजे जे बाईला मिळालं नाही त्याचं नाव आणि ज्याने ते दिलं नाही त्याचं नाव, दोन्ही एकाच धातूपासून. काय करावं?

पारसिक
कुटुंबप्रमुख लिहा आणि मोकळ्या व्हा. वाचणाऱ्याला कळल्याशी कारण.

हिशेबनीस
कुटुंबप्रमुख लिहिलंत तर ताई, अर्थ पार उलटा होईल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाईच कुटुंबप्रमुख धरली जाते. तुमच्या मैत्रिणी म्हणतील, अगं, ते तर आम्हीच आहोत की!

'कर्ता'बद्दल मात्र मला रोजच्या कामातून सांगता येईल. हिंदू अविभक्त कुटुंबाची, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीच्या एकत्र कुटुंबाची, प्राप्तिकराची विवरणपत्रं भरतो मी. तिथे कर्ता हे रीतसर पद आहे. कुटुंबाच्या वतीने सही करणारा, व्यवहार करणारा. तो काही करतो का, हा प्रश्न कायदा विचारत नाही. दुकान धाकटा भाऊ चालवत असेल आणि थोरला दिवसभर तलावपाळीवर बसत असेल, तरी कर्ता थोरलाच.

बायका तिथे कशा आल्या तेही गमतीचं आहे. कर्ता व्हायला आधी सहदायक असावं लागतं, म्हणजे जन्माने वाटा असलेला. मुलींना तो हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळून. देशभर तो २००५ च्या दुरुस्तीने आला, लग्न झालेल्यांसकट. त्यासाठी दुरुस्तीच्या वेळी बाप हयात असायला हवा का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मिटवला. आणि थोरली मुलगी कर्ता होऊ शकते, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. सून मात्र सहदायक नसते. विधवा कर्ता होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्येच म्हटलेलं आहे. म्हणजे लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली लेक कर्ता होईल, आणि तीस वर्षं तेच घर ओढणारी वहिनी होणार नाही.

एका लेकीचा शिक्का करून घेतला मी. शिक्केवाल्याने विचारलं, 'कर्ता'च ना, की 'कर्ती' हवं? फॉर्मवर कर्ताच आहे, म्हणून तोच केला.

पारसिक
कायद्याचं राहू द्या. बोलण्यात 'कर्ता' म्हणजे कमावता, एवढंच. अपघाताच्या बातमीत 'घरातला कर्ता पुरुष गेला' लिहितात ते हळहळीने लिहितात. त्यात कुणी कुणाला दडपत नाही. प्रत्येक शब्दात पितृसत्ता शोधायची तर बोलायचं कसं?

नौपाडेकर
हळहळ खरीच आहे, ती नाकारत नाही मी. पण तीच बातमी बाई गेल्याची असते तेव्हा काय लिहितात बघा. 'दोन मुलांची आई.' ती नोकरी करत असली, घराचा हप्ता तिच्या पगारातून जात असला, तरीही. 'घरातली कर्ती बाई गेली' असं छापलेलं माझ्या तरी वाचनात नाही. बोलण्यात 'करतीसवरती' आहे, पण ती बहुधा 'मुलगी चांगली करतीसवरती आहे', म्हणजे सगळं काम येतं, स्थळ बघायला हरकत नाही!

मास्तरकाका
संस्कृत शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे राहवत नाही. मंडळी, हा गुंता अडीच हजार वर्षांचा आहे.

पाणिनीचं सूत्र आहे, 'स्वतन्त्रः कर्ता'. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. बाकीचे कारक, म्हणजे ज्याच्यावर क्रिया होते ते, जिच्या साहाय्याने होते ते साधन, हे सगळे त्याच्या मागून. आता मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातलं ते वाक्य शेजारी ठेवा, 'न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति'. एक व्याकरणाचं, दुसरं धर्मशास्त्राचं, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पाणिनीच्या मते चूल पेटवणारी स्त्री बिनदिक्कत कर्ता होते, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर त्याच्यावर उगाच आळ यायचा. पण दोन्ही वाक्यं एकाच समाजाने पाठ केली, तेव्हा व्याकरणातला कर्ता आणि घरातला कर्ता यांची फारकत झाली. घरातल्या कर्त्याला क्रियेची गरज उरली नाही, स्वातंत्र्य तेवढं उरलं.

आणि याच्या लगेच पुढचं सूत्र वाचा. 'तत्प्रयोजको हेतुश्च'. कर्त्याला करायला लावणारा जो, त्याला हेतु म्हणतात आणि कर्ताही म्हणतात. देवदत्त यज्ञदत्ताकडून भात शिजवून घेतो, तर शिजवणाऱ्याबरोबर देवदत्तही कर्ता. आपण देवाला 'कर्ता करविता' म्हणतो ना, ती हीच जोडी. नौपाडेकरताई, तुमच्या रॉल्सच्या बैठकीत जे बसलेत ते 'करविते' आहेत. घरातला कर्ता पुरुष हा बहुतेक वेळा करविता असतो, आपण त्याला अर्ध्या नावाने हाक मारतो इतकंच.

मराठीची एक खोड सांगतो आणि थांबतो. 'आई भाकरी करते' इथे क्रियापद आईच्या मागे जातं. काम झालं की 'आईने भाकरी केली', 'आईने भात केला'. क्रियापदाने आईकडे पाठ फिरवली, ते भाकरीच्या आणि भाताच्या मागे गेलं. याला कर्मणी प्रयोग म्हणतात. यातून स्त्रीवादी निष्कर्ष काढू नका, बाबांनी भाकरी केली तरी हेच होतं. फक्त बाबांनी केली की ती चारचौघांत सांगितली जाते.

पारसिक
काका, आता बाबाही करतात हो भाकरी. जमाना बदलला.

नौपाडेकर
२०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं आणि करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं आला. 'करणाऱ्या पुरुषांचा' हे महत्त्वाचं, कारण असं काम मुळात करणारे पुरुष चारांत एक होते.

काका, 'करविता' झकास आहे. पण मग पेटमनबाईंचं म्हणणंही त्यात बसतं का बघा. कॅरोल पेटमन या स्त्रीवादी अभ्यासक बाईंनी १९८८ मध्ये मांडलं की, सगळ्यांनी मिळून करार केला आणि राज्य जन्माला आलं, या गोष्टीच्या पोटात आणखी एक करार दडलेला आहे. त्यात पुरुषांनी बायकांवरचा ताबा आपसांत वाटून घेतला, आणि त्याची गोष्ट कुणी सांगितली नाही. म्हणजे बापाची सत्ता गेली, भावांची आली. हे वाचल्यावर मला वाटतं, कर्ता म्हणजे करार करणारा. सही ज्याची, तो.

खाडीकाठची
मी घणसोलीची. तुमचं रॉल्स, पाणिनी मला ठाऊक नाही, पण कर्ता कोण हे मी सातबाऱ्यावर बघितलंय.

आमची आजी पहाटे पाटी घेऊन निघायची. भाताची लावणी तिच्या हातची, मीठही तिने वाहिलंय. पैसे तिच्या कनवटीला, आजोबा विडीसाठी तिच्याकडे मागायचे. गावात तिचा शब्द चालायचा. तिला कुणी 'दडपलेली' म्हटलं असतं तर पाटीतला कोयता दाखवला असता तिने. पण जुन्या सातबाऱ्यावर आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव आणि पुढे 'एकुमॅ'. एकत्र कुटुंब मॅनेजर. मराठी कागदावर इंग्रजी मॅनेजर! नवी मुंबईसाठी जमीन गेली तेव्हा मोबदल्याला सही त्या मॅनेजरची. पुढे जमीन गेलेल्यांना परत मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाच्या वेळी वारसांचे कागद निघाले, तेव्हा कळलं की आजी कशातच नाही. ती कोर्टात वगैरे गेली नाही. म्हणाली, 'माजा नाव कंदी व्हता?' एवढंच.

म्हणून मला ते 'बायकांना कर्तेपण मिळालं पाहिजे' पटत नाही. करायला काय तिला कुणी शिकवायचं होतं? केलं तिनेच. कागद दुसऱ्याचा होता.

हिशेबनीस
खाडीकाठचीताई, एकुमॅ अगदी बरोबर उदाहरण. काही नोंदींत मॅनेजरच्या जागी थेट 'कर्ता' असतं.

मास्तरकाका
ही ताई माझ्या दोन सूत्रांवर पाणी फिरवून गेली. बरं झालं. मी स्वातंत्र्याचा मुद्दा लावून बसलो होतो. आजी स्वतंत्र होती, क्रिया तिची होती, आणि तरी कर्ता नव्हती.

नौपाडेकर
आपल्याकडच्या दलित स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप याच जातीचा आहे. शर्मिला रेगे यांनी नव्वदच्या दशकात हे नेटाने मांडलं. 'घरात कोंडलेली बाई' हे चित्र सगळ्या बायकांचं म्हणून रंगवलं, की शेतात, बाजारात, दुसऱ्याच्या घरी राबणारी बाई त्यात सापडतच नाही. तिच्यासाठी उंबरठा हा मुख्य प्रश्न कधी नव्हता.

आता माझा निर्णय सांगते. रॉल्सच्या जागी 'कर्ता पुरुष' लिहिणार, आणि तो शब्द खटकला तर खटकू देणार. ओकिनबाईंचा आक्षेप वाचकाला त्या शब्दातच ऐकू येतो, 'कुटुंबप्रमुखा'त येत नाही. मात्र दुसऱ्या अर्थासाठी 'कर्तेपण' वापरायचं नाही. आजीचं ऐकल्यावर ते मला खोटं वाटायला लागलंय. 'कर्तृत्व'ही नको, त्याला सत्काराच्या शालीचा वास येतो.

पारसिक
मग सरळ 'एजन्सी' लिहा!

नौपाडेकर
लिहिलं होतं पहिल्या खर्ड्यात. एक मैत्रीण म्हणाली, गॅसची का? सरकारच्या उज्ज्वला योजनेची गॅसजोडणी बाईच्याच नावावर मिळते, म्हणजे एजन्सी आली की! हसून पुरेवाट झाली, मग शब्द काढला. सध्या जिथे जे असेल ते लिहितेय. कुठे 'तिचं ठरवणं', कुठे 'तिचा शब्द', कुठे 'तिची सही'. इंग्रजीत एकच शब्द सगळीकडे चालतो, मराठीत तीन लागतात. लागू देत.

मास्तरकाका
'तिचा शब्द' उत्तम. कमीत कमी त्याला व्युत्पत्ती विचारायला कुणी येणार नाही.

खाडीकाठची
हिशेबनीसदादा, एक विचारायचं होतं. उरणकडे आजीच्या माहेरची थोडी जमीन अजून आहे, तिथेही एकुमॅच आहे, आईच्या मामांच्या नावाने. आईचं नाव लागेल का?

हिशेबनीस
अर्ज तलाठ्याकडे करायचा, हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. विषयात 'एकुमॅ नोंद कमी करून सर्व वारसांची नावे दाखल करणेबाबत' असं लिहा. जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, काढून घ्या, ज्या फेरफाराने एकुमॅ लागलं त्यात बहुतेक वेळा बाकीच्यांची नावं असतात. त्यात आजीचं आहे का ते आधी बघा, मग पुढचं बोलू.

खाडीकाठची
सोमवारी जाते. आईलाही नेते, सही तिलाच करायचीय.