मदत हवी आहे: पावसाळी अंधारात नवरंग पक्ष्याचा फोटो कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. हिवाळ्यात मी निवांत असतो. तलावावर बदकं, चक्रवाक, भरपूर ऊन, फोटो आपोआप बरे येतात. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर नागपुरात बाहेर कोण थांबणार! खरी पंचाईत पावसाळ्यात होते.

मान्सूनसोबत दक्षिणेकडून नवरंग विणीसाठी येतो. अंबाझरीच्या झाडीत आणि गोरेवाड्याला पहाटे त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. पण हा पठ्ठ्या बसतो दाट सावलीत, जमिनीवर पालापाचोळा उलटत. माझी लेन्स ७०-३०० मिमीची आहे, पूर्ण झूमला एफ ५.६ (म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र याहून मोठं उघडत नाही). शटर १/२०० सेकंद ठेवला तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० वर जातो आणि फोटोत नुसती रवाळ खिचडी. शटर कमी केला की पक्षी हलतो, अन् माझे हातही (चहा न पिता निघाल्यामुळे असेल).

मोनोपॉड (एकपायी स्टँड) घेऊन फरक पडेल का? की रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढून नंतर नॉइज, म्हणजे हा रवाळपणा, कमी करणं बरं? फ्लॅश आणि पक्ष्याला बोलवायला रेकॉर्ड केलेला आवाज वापरायचा नाही, विणीचा काळ आहे. नवी लेन्स घ्या असं कृपया सांगू नका, घरात आधीच वातावरण तापलेलं आहे.