१९३० ची फोर्ड मॉडेल ए: पेट्रोल गेजचं बूच गेलंय, त्याजागी काय घालू?

खानापूरकर_जुनीगाडी
नमस्कार मंडळी. आज्जाची मॉडेल ए आहे आमच्याकडं, राइट हँड. टाकी फुल्ल केली तरी गेज आपलं शून्यच दाखवायलंय. शेवटी डॅशमधून गेज बाहेर काढलं तर दांडीला पेट्रोलवर तरंगणारं बूच (फ्लोट) आहे ते काळं पडून पेट्रोल पिऊन जड झालंय, नखानं दाबलं की चुरा पडतोय. अमेरिकेहून मागवायचं म्हटलं तर बुचापेक्षा कुरिअर आणि कस्टमच जास्त. इथले एक मिस्त्री म्हणतात नवीन बूच कापा, चपडा लाखेचे दोन-तीन हात मारा, पूर्वी तसंच करायचे. गोव्याहून येताना बाटल्यांची बुचं पण आणून ठेवलीत. करू काय?

उद्यमबाग_टर्नर
चपडा अजिबात नको ओ. मिस्त्री म्हणतात ते खोटं नाही, त्याकाळी बुचाच्या फ्लोटला लाखच मारायचे आणि साध्या पेट्रोलमध्ये ती टिकायची पण. पण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. सुतार चपडा कशात विरघळवतो, स्पिरिटमध्येच की! इथेनॉल म्हणजे तेच. लाख सुटणार, बूच परत पेट्रोल पिणार, आणि सुटलेली लाख खाली जाऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, बसणार. तुमच्या गाडीला पेट्रोल पंपच नाही, टाकी डॅशच्या मागं उंचावर, पेट्रोल आपोआप उतरतंय, म्हणजे टाकीत जे पडलं ते सरळ खालीच. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच आज्जाच्या गाडीला बाधायलंय, काय सांगायचं.

निपाणी_जीपवाला
बूच घालूच नये असं काही नाही हां. लाखेऐवजी सुपरग्लू वापरा, तो पातळ पाण्यासारखा मिळतो तो. बूच उन्हात खडखडीत वाळवायचं, दांडीच्या तारेसाठी भोक आधीच पाडून घ्यायचं, मग सगळीकडून पाजायचं, भोकाच्या आतून पण, तिथंच लोक विसरतात. वाळलं की बारीक पॉलिश पेपर मारून परत एक हात. खिडक्या उघड्या ठेवून करा, डोळे चुरचुरतात. बाटलीचं बूच चालेल पण अख्ख्या सालीचं एकसंध असलं तरच. शॅम्पेनचं किंवा चुरा चिकटवून केलेलं असतंय ते नको, त्यातला गोंद कधी सुटेल नेम नाही. आणि कोणतरी थर्माकोल सुचवेल, त्याचं नावच काढू नका, पेट्रोलमध्ये वितळून चिकट गोळा होतोय.

उद्यमबाग_टर्नर
होय, सुपरग्लूनं चालतंय, पण मला विचाराल तर पितळ. पातळ पत्र्याचा पोकळ डबा, जुन्या बुचाच्याच मापाचा, रेडिएटरवाल्याकडून डाग मारून (सोल्डर करून) घ्या. शेवटचं बारीक भोक उघडं ठेवायला सांगा, नाहीतर आतली हवा तापून डाग उडवती. थंड झाला की ते बुजवायचं. मग गरम पाण्यात बुडवून धरा, बुडबुडा आला तर गळतोय, परत डाग. नायट्राइल रबराचा पेट्रोलसाठीचा फ्लोट मापात मिळाला तर तोही उत्तम, डागाची भानगडच नाही.

खानापूरकर_जुनीगाडी
पितळी डबा जड होऊन बुडणार नाही काय? आणि बसवल्यावर शून्य, फुल्ल बरोबर दाखवेल कशावरून?

उद्यमबाग_टर्नर
पत्रा जाड घेतला तर बुडणारच. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलोच्या आतबाहेर, त्यामुळं पाण्यात तरंगला म्हणून खूश होऊ नका. काचेच्या बरणीत पंपावरचंच पेट्रोल घ्या, फ्लोट दांडीसकट सोडा, निम्मा तरी वर राहायला पाहिजे. बूच असो नाहीतर पितळ, आठ-पंधरा दिवस बरणीतच ठेवा, झाकण लावून, घराबाहेर. आधी आणि नंतर सोनाराच्या काट्यावर वजन करा, वाढलं तर पेट्रोल शिरलं. मापाचं म्हणाल तर रिकाम्या टाकीत बसवून शून्य बघा, चुकत असलं तर दांडी किंचित वाकवायची, मग पाच-पाच लिटर ओतत काठी बुडवून ताडून बघायचं.

निपाणी_जीपवाला
वॉशर पण नवीन घाला की. त्या गाडीत गेज म्हणजे टाकीला डॅशमधूनच पाडलेलं भोक, वॉशर गळला तर पेट्रोल थेट मांडीवर. बॅटरीचा टर्मिनल काढूनच हात घाला, आणि गेज धरून ठेवणारा खाचेचा नट छिन्नी-हातोड्यानं ठोकू नका. ठिणगी आहेच, शिवाय जुनं ओतीव गेज तडकतंय.

खानापूरकर_जुनीगाडी
पितळी करतो मग. पावसाळ्यात गाडी उभीच असती, टाकीत पेट्रोल ठेवू की काढू?

उद्यमबाग_टर्नर
काढा. इथेनॉल हवेतली ओल ओढतंय आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात, खानापूरच्या पावसात तर विचारूच नका. नटाचा पाना कुठं मिळाला नाही तर नटाचा व्यास आणि खाचांचं माप टाका इथं, पितळेचाच करून देतो.