कॉलेजच्या पोरांना ललित लेख वाचायला-लिहायला कसं शिकवायचं? सल्ला हवाय (सोलापूर)

मास्तरीण_अशोकचौक
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका कॉलेजात मराठी शिकवते, सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं. यंदा बीए दुसऱ्या वर्षाचा गद्यलेखनाचा पेपर माझ्याकडं आलाय, वर्गात नावं ५२, हजर तीस-पस्तीस. निम्मी पोरं शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू, काही अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी, सात-आठ जणी घरी दखनी बोलणाऱ्या, बाकीची मोहोळ-बार्शी साईडनं एसटीनं येणारी.

पहिल्या आठवड्यात म्हणलं स्वतःच्या आयुष्यातल्या कुठल्याबी एका गोष्टीवर दीड पान लिहून आणा. आलं काय तर "मानवी जीवनात आईला अनन्यसाधारण महत्त्व आहे." तीन वह्यांत हेच वाक्य, शब्दाला शब्द. एकानं बापावर लिहिलंय, बाप यंत्रमागावर कामाला हाय हे मला गप्पांत कळलेलं, पण लेखात बाप "वटवृक्ष" आणि तो "सावली" देतो, मागाचं नाव नाही. आणि हीच पोरं तास संपला की जिन्यावर एकमेकांना असलं भारी सांगत असतात, परवा एक पोरगी गड्ड्याच्या जत्रेत हरवलेल्या भावाचं सांगत होती, मी हातात डस्टर घेऊन तशीच ऐकत उभी. ते जिन्यावरचं कागदावर कसं आणायचं हाच माझा प्रश्न. वाचायला काय देऊ, लिहायला काय देऊ, आणि मार्क कसे देऊ तेबी सांगा, कारण कुणाच्या बापाला दहापैकी सहा द्यायला हात उचलत नाही.

लायब्रीवाला
मॅडम, पहिलं म्हणजे "निबंध" हा शब्दच वर्गात काढू नका. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त आणि पडक्या किल्ल्याचं मनोगत लिहून लिहून पोरांच्या हाताला वळण बसलंय, की निबंध म्हणजे शेवट आधीच माहीत असलेली गोष्ट, फक्त मधे सुविचार भरायचे. ज्या फ्रेंच माणसापासून हा प्रकार सुरू झाला असं मानतात त्या माँतेन्यनं १५८० साली आपल्या पुस्तकाला जे नाव दिलं त्याचा अर्थच मुळी "प्रयत्न", म्हणजे करून बघितलेली गोष्ट. मी तर पोरांना सांगतो, बसताना जे माहीत होतं तेच उठताना पण माहीत असेल तर अजून लिहून झालं नाही.

वाचायला इरावती कर्व्यांचा "परिपूर्ती" द्या. लेख छोटा, तासात वाचून होतो. एका सभेत बाईंची ओळख करून देतात ती कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची बायको अशी, आणि त्यांना ती कुठंतरी अपुरी वाटत राहते, मग रस्त्यात शाळेची पोरं एकमेकांना सांगतात की ती बघ आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि तिथं लेख फिरतो. एवढंच घडतं, मोठा प्रसंग कुठलाच नाही. तुमच्या पोरांना पटकन कळेल, कारण पूर्व भागात कुणाचीबी ओळख "कुणाचा रे तू" पासूनच सुरू होते. आधी मोठ्यानं वाचा, मग दोन रंगांची पेन्सिल द्या, घडलेलं एका रंगात, बाईंना वाटलेलं दुसऱ्या. रंग बदलतो तिथं थांबून विचारा, हितं का बदलला. अर्थ सांगत बसू नका. आशय-अभिव्यक्ती तर अजिबात नको, ते परीक्षेच्या आठवड्यात.

कडक_भाकरी
मी पंढरपुरात ज्युनियरला आहे, माझा अनुभव सांगतो. घरून लिहून आणायला सांगूच नका, घरून आलं की त्यात मोठा भाऊ, गाईड आणि आता एआय हे तिघं बसलेले असतात. वर्गात, हातानं, २० मिनिटं. विषय इतका बारका द्यायचा की त्यावर सुविचार बसूच नये. "आई" दिलं की वटवृक्ष येणारच. त्याऐवजी "पाणी यायचा दिवस" द्या. सोलापुरात याच्यावर लिहायला काही नाही असं म्हणणारा माणूस जन्माला यायचाय. पहिलं कोण उठतं, मोटर कोण लावतं, आधी कुठलं भांडं भरतात, पिंपाला झाकण काय (आमच्याकडं जुनी परात), पाणी चालू असताना पाहुणा आला तर काय होतं.

आणि फळ्याच्या कोपऱ्यात बंदीची यादी लिहून ठेवा: अनन्यसाधारण, संस्कार, अविस्मरणीय, गगनात मावेना, डोळ्यांच्या कडा पाणावल्या. यातला शब्द वापरला की त्यानं वर्गाला शेंगा द्यायच्या. माझ्याकडं पहिल्या महिन्यात पाव-पाव किलो दोनदा झाल्या, नंतर पोरं एकमेकांवर लक्ष ठेवायला लागली.

निवृत्त_मराठी
सगळं वाचलं. माफ करा, पण मला हे पटत नाही. विद्यार्थ्याला ऱ्हस्व-दीर्घ येत नाही, "आणि" मधला ण चुकतो, आणि तुम्ही त्याला पिंपाचं झाकण लिहायला लावता? आमच्या वेळी फडके, खांडेकर, काणेकर वाचून घेत, लघुनिबंधाची घडण समजावून सांगत, मग लिहायला देत. आधी घडण, नंतर अनुभव.

लायब्रीवाला
सर, आदर ठेवून सांगतो. त्या काळच्या लघुनिबंधाची सफाई मलाबी आवडते, साधी वस्तू घेऊन गप्पा मारत मारत कुठंतरी पोचायचं ही युक्ती शिकण्यासारखी आहेच. पण त्यातला "मी" निवांत आहे हो, आरामखुर्चीत बसलेला. रात्रपाळी करून साडेसातच्या तासाला येणाऱ्या पोराला तो आवाज दिला तर तो त्याची नक्कल करतो, आणि नकलेत परत वटवृक्षच उगवतो. शुद्धलेखनाचं मान्य, पण ते दुसऱ्या खर्ड्याला. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालला की पोरगं फक्त स्पेलिंग येतात तेवढेच शब्द लिहितं.

निवृत्त_मराठी
दुसऱ्या खर्ड्याला नक्की बघणार असाल तर ठीक. बहुतेक ठिकाणी दुसरा खर्डा होतच नाही, हा माझा अनुभव.

सातरस्ता_रिटर्न्स
पाव किलो शेंगा फक्त? अविस्मरणीय लिहिल्याबद्दल अर्धा किलो पायजे बे 😀

तिसऱ्या_बाकावरची
मी शिक्षक नाही, विद्यार्थिनी होते, म्हणून त्या बाजूचं सांगते. अकरावीत असताना मी आईवर लिहिलेलं. आई विड्या वळायची, दिवसाला हजार. मी लिहिलं होतं ते असं की तिचे हात खाली सुपात चालू असायचे, पान, तंबाखू, दोरा, आणि नजर वर टीव्हीवर, आणि सिरियलमधी पुढं काय होणार हे ती आधीच सांगायची आणि ते बरोबर निघायचं, त्यावरून आमची भांडणं व्हायची. मला वाटलेलं विनोदी लिहिलंय. बाईंनी ते वर्गात उभं राहून वाचलं, आवाज एकदम जड करून, आणि सिरियलचा भाग गाळून टाकला, आणि शेवटी म्हणाल्या बघा मुलांनो किती कष्ट. सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. मला तेव्हा कळलंच नाही की माझं नेमकं काय गेलं, फक्त त्यानंतर बारावी संपेपर्यंत मी एकसुद्धा ओळ स्वतःची लिहिली नाही, गाईडमधलं उतरवायचे.

तर विनंती एवढीच, न विचारता वाचून दाखवू नका, आणि पोरीनं काय लिहिलंय ते बघा, ती कुठल्या घरची आहे ते बघून वाचू नका.

मास्तरीण_अशोकचौक
@तिसऱ्या_बाकावरची, हे वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. खरं सांगते, मागाचं नाव नाही म्हणून त्या पोरावर मी चिडले, त्यात हेच होतं. मला त्याच्या बापाचे कष्ट पायजे होते. त्याला कदाचित बापाबद्दल दुसरंच काही सांगायचं असेल.

अजून दोन प्रश्न. "अक्करमाशी" द्यावं का? लेखक शरणकुमार लिंबाळे आपल्याच अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, त्या बाजूची पोरं आहेत वर्गात. आणि घरची भाषा लेखात येऊ द्यायची का?

लायब्रीवाला
द्या, पण पहिल्या महिन्यात नको, आणि एकदम सगळं नको. १९८४ चं पुस्तक, आत्मकथन आहे, ललित लेख नव्हे, पण "मी" किती उघडा पडू शकतो हे त्यातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही. त्यात भूक, जात, आईबद्दलचं लिहिणं, सगळं थेट आहे. दोन-तीन पानं निवडा आणि आदल्या दिवशी वर्गाला सांगून ठेवा काय येणार आहे. आणि गावावरून कुणा पोराकडं बघून "तुला तर माहितीच असेल" असलं चुकूनबी म्हणू नका. त्यातून निघणारा प्रश्न मात्र वर्गात घ्या, की आपल्या गोष्टीत दुसऱ्याची गोष्ट पण असते, तिला विचारायचं का, नाव बदलायचं का. पोरं यावर तासभर भांडतात.

कडक_भाकरी
भाषा येऊ द्या की. आई जेवायला वाढताना "अन्नम तिन्नावा" म्हणत असेल तर तिच्या तोंडी "जेवलास का बाळा" घालून ती परकी बाई होते. देवनागरीत लिहू द्या, अर्थ पुढच्या वाक्यात आपोआप कळेल असं लिहायचं, हीच कसरत. वर्णन मराठीत, तोंडचं ज्याच्या-त्याच्या भाषेत. निम्मा वर्ग हसेल पहिल्यांदा, हसू द्या.

मार्कांचं मी असं करतो: पहिल्या खर्ड्याला मार्कच नाहीत, फक्त शेवटी एक प्रश्न लिहितो, एकच. "परात कुणाची?" एवढाच. दुसऱ्या खर्ड्यात त्या प्रश्नाचं काय केलं त्याला मार्क. म्हणजे बापाला मार्क पडत नाहीत, दुरुस्तीला पडतात. ५२ वह्या अशा दोन तासांत होतात. आणि पान मधून दुमडलेलं असेल तर ते फक्त माझ्यासाठी, वर्गात वाचायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगायचा. काही दुमडलेल्या पानांत खरंच घाबरवणारं काही येतं, तेव्हा मार्क-बिर्क सोडून त्या पोराशी बोलायचं, एकट्यानं निभत नसेल तर कॉलेजच्या समुपदेशकाला गाठायचं. माझ्याकडं दोनदा आलंय.

निवृत्त_मराठी
प्रश्न एकच लिहायचा ही पद्धत चांगली आहे. आम्ही समास भरून टाकत असू.

मास्तरीण_अशोकचौक
ठरलं मग. या आठवड्यात "परिपूर्ती" दोन पेन्सिलींनी, त्या बापवाल्या पोराच्या वहीत फक्त "ते घरी आल्यावर पहिलं काय करतात?" एवढंच लिहून परत दिलंय. "पाणी यायचा दिवस" शुक्रवारी सकाळच्या तासाला घेणार होते, आत्ता लक्षात आलं की पूर्व भागात पाणी शुक्रवारीच हाय, म्हणजे निम्मा वर्ग येणारच नाही. शनिवारी घेते.