कडुनिंबाची नॅनो-चांदी: बागेत मारावी का?

बांधावरचा (वरूड)
संत्र्याची दोनशे झाडं आहेत, डिंक्यानं (खोडातून डिंक गळण्याचा रोग) जीव नकोसा केलाय. परवा एक विक्रेता बाटली ठेवून गेला. कडुनिंबाच्या पाल्यापासून केलेली नॅनो-चांदी, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण; म्हणे शंभर टक्के नैसर्गिक, जमिनीला अपाय नाही. बाटलीवर झाडाचं चित्र एवढं मोठं की चांदी किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) हे छापायला जागाच उरली नाही. माझं मत सांगतो: पाला नैसर्गिक, चांदी नाही. पाल्यातले घटक सिल्व्हर नायट्रेटमधल्या चांदीचे कण करतात, एवढंच. ते कण ओलाव्यात हळूहळू आयन (चांदीचे विद्युतभारित अणू) सोडतात आणि जंतू मरतात ते मुख्यतः त्यानं. डिंक्याची बुरशी कोणती आणि मी शेणखतात कालवून दिलेली ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी कोणती, हे त्या आयनाला कुठून कळणार?

प्रयोगवही (अमरावती)
एमएस्सीला असताना हे हातानं केलंय. पाल्याचा फिक्कट पिवळा काढा, त्यात सिल्व्हर नायट्रेट; बघता बघता काचपात्रात कोरा चहा दिसायला लागतो. हातमोजे विसरले आणि आठवडाभर बोटं काळी! पण मुद्दा हा की रासायनिक पद्धतीत हायड्रॅझिन किंवा सोडियम बोरोहायड्राइडसारखी विषारी रसायनं वापरतात, इथे पाला भागवतो. कणाभोवती पाल्यातल्याच पॉलिफेनॉल नावाच्या रसायनांचं वेष्टण बसतं. आपल्या अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटानं बुरशीपासून असे कण करण्यावर बरंच काम केलंय. शिवाय चांदी गंधकाशी जुळून तिचं सल्फाइड झालं की विषारीपणा खूप उतरतो. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. ती औषधं चालतात आणि हे नको?

बांधावरचा
सल्फाइड होतं ते गटाराच्या गाळात, जिथे हवा पोचत नाही. माझी बाग निचऱ्याची आहे. वेष्टणाचं म्हणाल, तर त्यामुळेच कण पाण्यात जास्त दिवस सुटे राहू शकतात. यवतमाळचं दुःख खरं, पण एक विष वाईट म्हणून दुसरं आपोआप चांगलं ठरत नाही. प्रयोगशाळेवर माझा राग नाही हो. राग आहे त्या बिनआकड्याच्या बाटलीवर.

दादाजी वऱ्हाडी
राजेहो, आमी मोरचूद अन् चुना बापाच्या काळापासून खोडाले लावतो. दहा लिटरले एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मोरचुदातलं तांबं बी धातूच हाय, ते बी मातीतून जात नाही. मंग चांदीलेच काहून धरता?

प्रयोगवही
दादाजी, तेच तर! तांबं झाडाला थोडं तरी लागतं, चांदी अजिबात नाही, हे मात्र मान्य करते. बियाण्याला रायझोबियम (मुळांना नत्र पुरवणारे जिवाणू) लावलं असेल तर त्यावर हे औषध मीही सुचवणार नाही. खोडावर ब्रशनं लावायचं तर गोष्ट वेगळी. पंपानं अख्ख्या बागेत उडवायचं तर वेगळी.

बांधावरचा
ब्रशपुरतं असेल तर विचार करीन. आधी पीपीएम लिहून द्या म्हणावं. आमच्या बागेचं पाणी नाल्याला जातं, आणि पाण्यातल्या बारीक जिवांना चांदी फार थोडी पुरते.

दादाजी वऱ्हाडी
मी त सोयाबीनच्या बियाले लावून मोकळा झालो, रायझोबियमच्या संगच. अर्धी बाटली उरली हाय. नाल्यात नाही ओतत, पण ठेवू कुठं ते सांगा.