एका कुलपावर भागणार नाही
टेक्सासातला भाऊ शिकारीसाठी तिकडच्याच विमानाने दुसऱ्या राज्यात चाललाय, रायफलच्या पेटीला मधोमध एक कुलूप चालेल का, असं वर विचारलंय. (आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद, म्हणून ठाणे शहरात बसून हे लिहिताना गंमत वाटते!)

दादा, नाही चालणार. कुलूप लावून पेटीचा कोपरा उचकटून बघायला सांगा. फटीतून बोटं आत गेली तर ती पेटी बंद धरतच नाहीत. दोन्ही टोकांच्या भोकांत जाड कडीची साधी कुलपं लावा, जांभळी नाक्यावर मिळतात तसली. टीएसएचं (अमेरिकेतल्या विमानतळ-सुरक्षा खात्याला उघडता येणारं) कुलूप मला पटत नाही, त्याची मास्टर चावी दुसऱ्यांकडे. नियमाने चावी प्रवाशाकडेच हवी. रायफल रिकामी, पेटी टणक, आणि चेक-इनला स्वतःहून सांगायचं.