कुत्र्याला सल्फाची गोळी: डोळ्यांत चिकट घाण, काय करावं?

प्रश्न: २० किलोचा कुत्रा, मूत्रमार्गाचा संसर्ग. ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथोक्साझोलची ४८० मिग्रॅची गोळी दर १२ तासांनी, आज नववा दिवस. डोळ्यांत पिवळट, दोरीसारखी चिकट घाण येतेय. नुसते डोळे धुवून भागेल का?

उत्तर १: नाही. डोस बरोबर आहे: दोन्ही औषधं मिळून किलोमागे १५ ते ३० मिग्रॅ, तुमचा २४ बसतो. पण सल्फामुळे अश्रुग्रंथी सुकतात, योग्य डोसवरही. आजच डॉक्टरांना फोन करा, पुढची गोळी त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. शर्मर चाचणी करून घ्या: कागदाची पट्टी खालच्या पापणीत १ मिनिट ठेवतात. १५ मिमी किंवा जास्त ओली झाली तर ठीक, १० च्या खाली असेल तर कोरडेपणा धरून चालायचं. वेळीच थांबवलं तर अश्रू परत येऊ शकतात, उशीर झाला तर कायमचं नुकसान.

उत्तर २: सांधेही हाताने चाचपून बघा. ताप, लंगडणं, सुजलेले सांधे, हिरड्यांवर लाल ठिपके, पिवळेपणा, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. अशी अ‍ॅलर्जी साधारण ५ दिवसांनंतर उमटते, म्हणून सुरुवातीचे दिवस बरे गेले यावर विसंबू नका. डोबरमनला तर हे औषध टाळलेलंच बरं. पाणी भरपूर ठेवा, लघवीत खडे होऊ शकतात.

उत्तर १: आणखी एक, फार महत्त्वाचं: हा त्रास सल्फाचाच ठरला तर केसपेपरवर ठळक लिहून घ्या. पुन्हा सल्फा कधीच नको.